पुण्य जागेचे की जाणाऱ्याचे?

दिवाळी आटोपली, की मनमाड-नांदगावच्या रेल्वेवाल्यांच्या घरी पासाचा विषय निघतो. वर्षाचे उरलेले पास डिसेंबर संपायच्या आत काढले नाहीत तर वाया जातात. अर्जात कुठून, कुठपर्यंत आणि कोणत्या मार्गे हे भरावे लागते. पहिला रकाना सोपा असतो. घर अडते ते दुसऱ्यावर. आजीला काशी करायची असते, सुनेला केरळ पाहायचा असतो, पोरांना गोवा हवा असतो. आणि ज्याच्या नावावर पास निघणार तो म्हणतो, रजा आठच दिवसांची आहे, काय ते एकदाचे ठरवा. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आता सलग रूळ झाले आहेत. जानेवारीत कुठे बर्फ, कुठे समुद्राची ऊब, कुठे वाळवंटातली कोरडी थंडी. एवढ्या मोठ्या देशातून एक नाव उचलायचे कसे?

हा प्रश्न सोयीचा आणि खर्चाचा वाटतो, पण त्याच्या तळाशी धर्मातला एक जुना वाद आहे. आजी काशी म्हणते तेव्हा तिचे म्हणणे असे असते, की काही जागांमध्ये मुळातच काहीतरी आहे. तिथे गेलेच पाहिजे. नातवाच्या मते जागा सगळ्या सारख्याच, आपल्याला जिथे बरे वाटेल तिथे जावे. आजीचे खरे असेल, तर आवडीनिवडीला फारसा अर्थ उरत नाही. नातवाचे खरे असेल, तर घर सोडून हजार किलोमीटर जायचे कशासाठी, हे त्याला सांगता आले पाहिजे.

या वादाशी नांदगावचा संबंध जुना आहे. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा निजामाचा रेल्वेमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी मुंबईहून वेरूळला निघालेला माणूस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने नांदगावला उतरायचा आणि पुढची मजल टांग्याने किंवा बैलगाडीने मारायचा. इंग्रजी प्रवास-मार्गदर्शिकांत वेरूळचे स्टेशन म्हणून नांदगावचे नाव छापलेले असे. साहेब लोक हिंडायला निघत ते थंडीतच. त्यांना कैलास लेणे पाहायचे असे: राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, अखंड डोंगर वरून खाली कोरत आणलेले देऊळ. त्याच वाटेने जाणारा भाविक मात्र घृष्णेश्वराला निघालेला असे. लेणी आणि ज्योतिर्लिंग यांच्यात अंतर जेमतेम मैलभराचे. साहेब खांब न्याहाळी, भाविक शिवालय तीर्थात स्नान करी. कैलास ज्यांनी कोरला त्यांनी तो देवासाठी कोरला होता. आज तिथे तिकीट काढून आत जावे लागते, आणि पूजा-अभिषेक चालतो तो मैलभर पुढे, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या देवळात. एकाच डोंगराच्या पायथ्याशी एक जागा पाहण्याची झाली, दुसरी दर्शनाची राहिली. दगड तोच आहे. जागेतच सगळे असते, तर असे झाले नसते.

हिमालयातल्या देवांनी या प्रश्नाला आणखी एक बाजू दिली आहे. थंडीत देव स्वतःच मुक्काम हलवतात. भाऊबीजेला केदारनाथाचे दार बंद होते आणि पंचमुखी उत्सवमूर्तीची डोली पायी उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. गंगामाई गंगोत्रीहून मुखब्याला उतरते, यमुना खरसालीला. बद्रीनाथाची रीत निराळी आहे. तिथून उद्धव आणि कुबेर पांडुकेश्वराला जातात, शंकराचार्यांची गादी ज्योतिर्मठच्या नरसिंह मंदिरात येते, पण मुख्य मूर्ती आतच राहते. दार लावण्याआधी तिला तुपात माखलेली लोकरीची कांबळ पांघरतात. ही कांबळ माणा या सीमेवरच्या गावातल्या बाया विणून देतात. पुढचे सहा महिने बर्फाखाली गाडलेल्या त्या देवळात नारदमुनी पूजा करतात, अशी श्रद्धा आहे. सहा महिने माणसांचे, सहा महिने देवांचे.

या रिवाजात मोठा विचार आहे. केदारनाथ उखीमठला येऊ शकतो, म्हणजे देव जागेला बांधलेला नाही. आणि बद्रीनाथाची पूजा माणसावाचून चालते, म्हणजे त्या जागेचे पावित्र्य आपल्या येण्यावर अवलंबून नाही. आपण गेलो नाही म्हणून तीर्थाचे काही अडत नाही. मग अडते ते कोणाचे?

महाभारतात हा प्रश्न दोनदा आला आहे. वनपर्वातल्या तीर्थयात्रेच्या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. यज्ञाला धन लागते, साधने लागतात, ती राजेलोकांनाच परवडतात. गरिबाला तेच फळ तीर्थाला गेल्याने मिळते. म्हणजे तीर्थयात्रा ही मुळात गरिबाची सोय. आणि ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे, जो कोणाकडून दान घेत नाही, आहे त्यात संतुष्ट असतो, त्यालाच ते फळ मिळते. पुढे अनुशासनपर्वात भीष्म मनातल्या तीर्थांबद्दल बोलतो: सत्य, क्षमा, संयम ही खरी तीर्थे. इथेच तो थांबला असता, तर घरी बसणाऱ्यांना चांगला आधार मिळाला असता. पण भीष्म पुढे सांगतो की शरीराचे काही भाग जसे अधिक पवित्र मानतात, तसे पृथ्वीचेही काही भाग आहेत. ते पवित्र ठरतात तीन कारणांनी: भूमीचा अद्भुत प्रभाव, पाण्याचे तेज आणि तिथे ऋषिमुनी राहून गेले म्हणून. आणि जो दोन्ही तीर्थांत न्हातो, मनातल्या आणि जमिनीवरच्या, त्यालाच सिद्धी लवकर मिळते.

भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थांवर दीर्घ प्रकरण लिहिले आणि शेकडो तीर्थांची नावे संदर्भांसह एकत्र केली. ती यादी चाळताना एक गोष्ट ध्यानात येते. नद्यांचे संगम, उगम, डोंगराचे कडे, कुंडे, समुद्राची टोके, अशीच ठिकाणे पुन्हा पुन्हा येतात. देश पाहायला निघालेल्या आजच्या माणसालाही हीच ठिकाणे खुणावतात. तेव्हा नातवाला कन्याकुमारीचा सूर्योदय पाहावासा वाटतो यात आजीच्या धर्माविरुद्ध काही नाही. भूमी आणि पाणी या दोन कसोट्यांवर दोघांचे जमते. तिसरी कसोटी मात्र सहलीच्या जाहिरातींतून गळून गेली आहे: तिथे कोण राहून गेले आणि आज कोण राहते.

नियम सोडून नुसती जागा धरली तर काय होते, हे पंडिता रमाबाईंच्या घरात दिसले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. ते सगळे कुटुंब घेऊन वर्षानुवर्षे तीर्थामागून तीर्थ हिंडत राहिले. पुराण सांगून जे मिळे ते स्नान-दानात आणि ब्राह्मणभोजनात जाई. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. १८७४ मध्ये आधी वडील, मग आई गेली आणि त्यांच्यामागून थोरली बहीणही. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास उरले, आणि तरीही दोघे पायी चालत राहिले. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले तेव्हा तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. तीर्थावरचा त्यांचा विश्वास मात्र वाटेतच उडाला होता, आणि १९०७च्या आत्मकथनात त्यांनी ते दिवस लिहून ठेवले. रमाबाईंचा आरोप खोडता येत नाही. नदीत सोडलेल्या पैशाने उपाशी पोर जगत नाही, आणि ज्या यात्रेत सोबतच्या माणसाच्या भुकेचा हिशेब नाही ती धर्माची यात्रा नव्हे. तीर्थात दगड आणि पाणी आहे, देव सज्जनांत आहे, असे तुकोबांनी आधीच सांगून ठेवले होते. आणि तुकोबा स्वतः पंढरीची वारी करत होते. पंढरी त्यांनी धरली ती तिथे संत भेटतात म्हणून; तिथे त्यांना तिसऱ्या कसोटीची माणसे मिळत होती.

नांदगावच्या आसपासच्या खेड्यांत हिवाळा हा मुळातच यात्रांचा हंगाम आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाशिक, नगर आणि खानदेशातून दिंड्या पायी निघतात. पहाटेच्या काकड्याला दव पडलेले असते, कानाला उपरणे गुंडाळलेले असते, आणि रात्री एखाद्या शाळेच्या ओट्यावर किंवा कोणाच्या तरी खळ्यावर पाठ टेकायची. पौष पौर्णिमेला मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाची यात्रा सुरू होते, आणि भंडाऱ्याने सगळा गाव पिवळा होतो. दिंडीतल्या माणसाला 'कुठे जायचे' हा प्रश्न पडत नाही. तिथी ठरलेली, वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. त्याचे सगळे लक्ष जायचे कसे याकडे असते: ताल चुकू नये, मागचा माणूस मागे राहू नये, वाढायला बसलेल्या माउलीला दोनदा हाक मारायला लागू नये.

नर्मदा परिक्रमेलाही हीच थंडी लागते. कार्तिकात चातुर्मास संपला की परिक्रमावासी निघतात. शास्त्राप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस, आणि नदी कुठेही ओलांडायची नाही. गो. नी. दांडेकरांनी या वाटेवर चालून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली, आणि तेव्हापासून मराठी माणूस या परिक्रमेच्या ओढीने जातो आहे. आता पंधरा-वीस दिवसांत बसने परिक्रमा करवणाऱ्या सहलीही निघतात. गुडघे गेलेल्या माणसाने बसने जावे, त्यात कमीपणा नाही. पण चालणाऱ्याला आदिवासी पाड्यावरची बाई आपल्या घासातली भाकरी देते, आणि ती भाकरी घेताना त्याची मान खाली जाते. खिडकीतून नदी पाहणाऱ्याला ती भाकरी भेटत नाही.

त्याच थंडीत आणखी एक प्रवास चालू असतो आणि तो कोणी निवडलेला नसतो. चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरपट्ट्यातले ऊसतोड मजूर दिवाळी झाली की साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेरडे आणि पोरे. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत सगळा हिवाळा जातो. कुठल्या कारखान्यावर जायचे हे मुकादम ठरवतो. सुट्टीचे ठिकाण निवडता येणे हे केवढे भाग्य आहे, हे त्या ट्रॉलीकडे पाहिले की उमगते, आणि भाग्याबरोबर जबाबदारी येते. महाभारताने तीर्थाला गरिबाचा यज्ञ म्हटले. ज्याच्याकडे रजा, पास आणि आरक्षण आहे, त्याच्या प्रवासाने निदान गरिबावर भार पडू नये, एवढी तरी कसोटी त्याने स्वतःला लावावी.

ही कसोटी २०२५च्या हिवाळ्यात फार कठोरपणे समोर आली. १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी प्रयागराजला महाकुंभ होता. मुंबईहून प्रयागकडे जाणारी गाडी याच नांदगावच्या रुळांवरून जाते, आणि त्या दिवसांत घराघरांत एकच विचारणा होती: जायचे की नाही? २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमावर चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकड्याप्रमाणे ३० माणसे गेली. १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनात प्रयागला निघालेल्या गर्दीत १८ जणांचा जीव गेला. ज्यांना जायचे होते त्यांच्या श्रद्धेला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण त्याच काळात काही म्हाताऱ्या माणसांनी गोदाकाठी रामकुंडावर स्नान करून 'आपले प्रयाग झाले' म्हटले, तेही शास्त्राला धरूनच होते. ज्या क्षणी आपल्या जाण्याने दुसऱ्याचा श्वास कोंडतो, त्या क्षणी न जाणे हाच संयम होतो, आणि भीष्माने सांगितलेले मनातले तीर्थ तेच. हिमालयातही हा प्रश्न उभा आहे. जानेवारी २०२३ मध्ये ज्योतिर्मठात शेकडो घरांना तडे गेले आणि कडाक्याच्या थंडीत माणसांना घरे सोडावी लागली. आता उत्तराखंड सरकार उखीमठ-मुखब्याच्या हिवाळी यात्रेला उत्तेजन देत आहे. त्यामुळे सहा महिने ओस पडणाऱ्या गावांना रोजगार मिळेल, हे चांगलेच आहे. पण त्या डोंगराला विसाव्याचे सहा महिने रिवाजाने दिले होते, हेही जाणाऱ्याने विसरू नये.

पैठणचे एकनाथ महाराज काशीला गेले. एकनाथी भागवत त्यांनी तिथेच १५७३ मध्ये पुरे केले. काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, हा भारताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा संकल्प. आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी त्यांनी ते पाणी घातले, ही कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. ती कथा यात्रेविरुद्ध आहे असे सहसा सांगतात. पण नाथ कावड घेऊन निघालेच नसते, तर ते गाढव त्यांना भेटले नसते. घरी बसून हे पुण्य हाती लागणारे नव्हते. निघावे तर लागतेच.

नामदेवही निघाले होते. ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थे केली, मग पंजाबात गेले, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावाने त्यांना आपले मानले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन तिथे भरले तेव्हा हजारो मराठी माणसे पहिल्यांदाच घुमानला गेली. तीच वाट उलट दिशेनेही वाहते. अमृतसरहून नांदेडला जाणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडला थांबते. हुजूर साहिबला निघालेले शीख यात्रेकरू मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वारात उतरतात, आणि तिथल्या लंगरात कोण कुठला हे विचारले जात नाही. नांदगाव तालुक्यातल्या घराला हिवाळ्यात पंजाब पाहायचा असेल, तर त्याने आधी हा लंगर वाढून पाहावा. मग अमृतसरच्या बाजारापलीकडे काय पाहायचे, ते त्याला सांगावे लागणार नाही.

आणि जवळचे आधी. नांदगावकराला दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर, कन्नड घाटाच्या वर, गौताळ्याच्या रानात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, विहाराच्या जोत्यावर कोरलेली हत्तींची ओळ, दाराशी उभे द्वारपाल. भिक्षू पावसाळ्यात अशा लेण्यांत राहत आणि बाकीचे आठ महिने चालत. म्हणजे हिवाळा त्यांचाही वाटेचाच. तिथल्या चैत्याच्या खांबावर दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: पैठणचा मितदेव, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. इथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव आहे. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पैठणहून इथे आलेल्या मितदेवाने खांब दिला. आजचा माणूस तिथे जाऊन खडूने आपले नाव लिहितो. दोघांनीही जागा निवडलीच होती, पण एक जाताना देऊन गेला, दुसरा जागा डागाळून गेला.

तेव्हा आजी आणि नातू दोघांचेही अर्धे-अर्धे खरे आहे. जागेत काहीतरी असते, आणि ते नीट वागणाऱ्यालाच मिळते. ठिकाण ठरवताना हवामान आणि आरक्षण पाहावेच, पण त्याच बैठकीत हेही ठरवावे की तिथे कोणाच्या घरी जेवायचे, कोणाकडून काय विकत घ्यायचे, कोणत्या दिवशी गर्दीत भर घालायची नाही, आणि वाटेत कोणी तहानलेला भेटला तर कावड रिती करायची तयारी आहे की नाही. काशी निवडली काय, गोवा निवडला काय, हे ठरल्यावर फार फरक पडत नाही. हे ठरले नसेल तर चारही धाम करून माणूस होता तसाच परत येतो.

नांदगाव तालुका आता दुसऱ्या बाजूने या प्रश्नात सापडणार आहे. नस्तनपूरच्या शनिमंदिरात येणाऱ्यांमुळे यजमानपण त्याला अनोळखी नाही, पण येणारी वेळ मोठी आहे. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला जाहीर झाले आहे आणि पर्वकाळ २०२८पर्यंत चालेल. उत्तर भारतातून येणाऱ्या कितीतरी गाड्या नांदगाव-मनमाडवरून नाशिकला जातील. हा भाग टंचाईचा. मनमाडकरांनी नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत वर्षानुवर्षे दिवस मोजले आहेत, त्यामुळे घोटभर पाण्याचे मोल इथे कोणाला शिकवावे लागत नाही. या तालुक्यातल्या ज्या घरांना जमेल त्यांनी त्या दोन हिवाळ्यांतली एक सुट्टी घरीच काढावी, आणि पाण्याचे पिंप व पेला घेऊन चार दिवस फलाटावर उभे राहावे.